ओल्या पोत्यांचा माल

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२५

दगडाबाई यांना नमस्कार,

मी चारुता, चिकलठाण्याच्या चिक्कीच्या कंपनीतली, तपासणी विभागाची. पत्र पाहून तुम्ही चकित व्हाल. तुमचा फोन दोन दिवस लावत होते. एकदा तुमच्या मालकांनी, कडुबांनी उचलला. म्हणाले, मी मेंढरांबरोबर घाटात आहे, फोन माझ्याजवळच असतो, घरधनीण गावात आहे. पुढे आवाज तुटला. मग तुमच्याबरोबर निवडीला असलेल्या वच्छलाबाईंकडून तुमचा पत्ता घेतला.

गावी गेल्यावर कशा आहात? नात अंगणवाडीत जायला लागली का? तुम्ही अकरा जणी गेल्यापासून निवडीचा हॉल अगदी मोकळा वाटतो. डबा खायला मी अजून त्याच बाकावर बसते, पण चटणी वाढणारं कुणी नाही.

एक लहानसं काम आहे. उन्हाळ्यात कॅमेऱ्याचं नवं मशीन आलं, तेव्हा तुम्हीच तीन महिने बसून त्याला शेंगदाणा ओळखायला शिकवलंत. पडद्यावर एकेका दाण्याचा फोटो यायचा. चांगला असला तर हिरवं बटण, खराब असला तर लाल. त्या खुणांवरूनच ते आज दाणे निवडतं. ऑफिसला त्या कामाची नोंद पुरी करायची आहे. कोण कोणत्या पडद्यावर बसायचं, संध्याकाळी घाईत बटणं दाबली जायची का, डोळे थकल्यावर चुकून हिरवं दाबलं गेलं असं कुणाचं झालं का, एवढं आठवेल तसं लिहा आणि खाली सही करा. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

काळजीचं काही नाही. उत्तर लवकर पाठवाल ही आशा.

आपली,
चारुता


मु. टेकडवाडी, ता. कन्नड
१६ नोव्हेंबर

चारुता मॅडमला दगडाबाईचा नमस्कार.

पोस्टमननं पाकीट हातात दिलं तवा म्या आधी शिक्का बघितला. आमच्या घरी कागद येतो तो कोर्टाचा, नाय तर जमिनीचा. वट्यावर बसून दोनदा वाचला. म्या सातवी शिकले, वाचता येतं, लिवताना हात वळत नाय. चुकलं असंल तर समजून घ्या.

नात बरी हाय. अंगणवाडीत जाती, गाणी म्हनती. मालक मेंढरं घेऊन गौताळ्याकडं गेलेत. मला घरात करमत नाय. एकोणीस वरसं निवडीच्या पट्ट्यावर काढली, आता हात सुपातच चाळवाचाळव करतात.

तुमी इचारलं त्याचं सांगते. पडद्याच्या जागा रोज बदलायच्या, जी आधी येईल ती बसायची. दाणा हातात घेतला की कळतो. भरला दाणा जड लागतो, बुरशीचा हलका. फोटोत जड-हलकं कळत नाय, वास बी येत नाय. तरी जेवढं दिसलं तेवढं इमानानं दाबलं. तुमीच सांगलं व्हतं, शंका आली की लाल. आमी शंका आली की लालच दाबलं. उलट तुमी म्हनायच्या, दगडाबाई, किती लाल करता, सगळा माल फेकायचा का?

आता म्या इचारते. शेवटच्या दिवशी, दिवाळीच्या आधी, ओल्या पोत्यांचा ट्रक आला व्हता. म्या पोत्यात कोपरापोतर हात घातला, आत गरम लागलं. हात नाकाला लावला तर कुबट वास. तशीच तुमच्या टेबलाशी आले. म्हनलं, मॅडम, हा माल बरा नाय. तुमी म्हनला, आता ते मशीन बघील, तुमी पेढे घ्या. म्या पेढे घेतले आन घरी आले. त्या मालाचं काय झालं?

तुमी लिवलं काळजीचं काही नाय. पर मंग सही काऊन पायजे, ते लिवलं नाय. म्हनून सही केली नाय. राग मानू नका.

दगडाबाई


पुंडलिकनगर
२१ नोव्हेंबर

दगडाबाई,

तुमचं पत्र मिळालं. राग नाही, पण सही नाही हे पाहून अतुलसाहेब रोज विचारतात. कारखान्याचे प्रमुख आहेत, त्यांना वर अहवाल द्यायचा आहे.

तुम्हाला थोडं सांगते, मनात ठेवा. एका नमुन्यात बुरशीच्या विषाचं प्रमाण जरा जास्त आलं आहे. हे विष डोळ्यांना दिसत नाही. भाजल्यावरही पुरतं जात नाही, आणि पोटात जात राहिलं तर यकृताला बाधतं. पण एका नमुन्यावरून काही ठरत नाही. तोच माल पुन्हा तपासायला दिला आहे, निकाल आठवड्यात येईल. बहुधा मशीनच्या शिकण्यातच काहीतरी राहून गेलं असावं. नवीन तंत्र आहे, होतं असं.

तुम्ही ट्रकचं लिहिलंत. त्या दिवशी खूप गडबड होती, मला नीटसं आठवत नाही.

गावात कुणाजवळ बोलू नका. उगाच घबराट पसरते. मलाही हल्ली जेवण जात नाही. अमेय, माझे मिस्टर, म्हणतात की तुझं लक्षच नसतं. फोन वाजला की दचकते.

सहीचं पुन्हा बघा. नुसतं 'कामाच्या घाईत चुका झाल्या असू शकतात' एवढं एक वाक्य चालेल.

चारुता


टेकडवाडी
२७ नोव्हेंबर

मॅडम,

तुमी लिवलं, मशीनच्या शिकण्यात राहून गेलं. म्हंजी शिकवनारीनं चुकवलं, असंच ना? एवढं मला कळतं. एक वाक्य चालेल म्हनता. त्या एका वाक्यात अकरा बाया चोर ठरतात.

ते राहू द्या. त्याच्यापेक्षा वंगाळ झालंय.

परवा मंगळवारी नातीला आणायला अंगणवाडीत गेले. पोरं रांगेत बसली व्हती, चिक्कीची पाकिटं वाटणं चालू. नात म्हनली, आजी, कडू लागती. म्या तिच्या हातातली वडी घेतली, तोंडात टाकली आन थुकली. मॅडम, तोच वास. पाकीट उलटं केलं तर आपल्याच कंपनीचं. मग म्या काय केलं, मलाच कळलं नाय. एकेका पोराच्या हातातून वडी हिसकून घेतली. पोरं रडायला लागली.

सुकेशनीताई, आमची अंगणवाडीची बाई, धावत आली. "दगडाबाई, येडं लागलं का तुमाला?"

म्या म्हनलं, "ही चिक्की खराब हाय. वाटू नको."

ती म्हनली, "कंपनीनं घरी बसवलं त्याचा राग लेकरांच्या घासावर काढता व्हय?"

पाठीमागं चार बाया जमल्या व्हत्या. त्या बी हसल्या. म्या खाली बसले, वडी फोडून तिच्या नाकाशी धरली. तिनं वास घेतला. वाईट बाई नाय ती. हळू आवाजात म्हनली, "मला माल वरून येतो. तोंडी सांगण्यावर थांबवला तर मलाच जबाब द्यावा लागतो. दोन बॉक्स कपाटात कुलूप लावून ठेवते, सोमवारपोतर. तुमच्या कंपनीचं लेखी आणा. नाय आलं तर मला वाटावंच लागंल."

पाकिटावर नंबर हाय, के १०४७. तारीख २० ऑक्टोबर.

आन अजून एक. आदल्या दिवशी नातीनं अख्खी वडी खाल्ली व्हती. कडू लागली तरी खाल्ली, कारण ताईनं दिलेलं टाकायचं नाय असं म्याच तिला शिकवलं.

तुमी लिवलं गावात बोलू नका. म्या बोलले. आता तुमी बोला. लेखी पाठवा.

दगडाबाई


चिकलठाणा
१ डिसेंबर, सोमवार, सकाळ

दगडाबाई,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. क्रमांक वाचला आणि नोंदींशी ताडून पाहिला. तो त्याच ओल्या पोत्यांचा माल आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. वच्छलाबाई आत्ता कन्नडच्या एसटीत बसत आहेत, दुपारपर्यंत तुमच्याकडे येतील. सोबत सुकेशनीताईंसाठी वेगळा कागद आहे. के १०४७ चा एकही तुकडा कुणाला देऊ नये, असं त्यावर लिहिलं आहे, माझ्या नावाने, हुद्द्यासह आणि सहीसह. दोन्ही तपासण्यांचे निकाल जोडले आहेत. मी स्वतः येणार होते. पण अकरा वाजता अन्न तपासणीचे अधिकारी गोदामात येणार आहेत, आणि मी इथे नसले तर उरलेला माल जागेवर राहील याची मला खात्री नाही.

आता जे लपवलं ते सांगते.

तुम्ही शिकवलेलं मशीन चुकलं नव्हतं. तुम्ही पेढे घेऊन गेलात त्याच दुपारी तो माल पट्ट्यावर घेतला आणि मशीन दर चौथा दाणा हवेच्या झोताने बाहेर फेकायला लागलं. तासाभरात खराब मालाचे डबे भरले. अतुलसाहेब आले. म्हणाले, "हे मशीन फारच घाबरट झालंय. जरा ढिलं करा. दिवाळीआधी माल निघाला पाहिजे."

मशीनला दाण्याचा किती संशय आला की तो फेकायचा, याचा एक आकडा असतो. आपला आकडा चाळीस होता. म्हणजे शंभरात चाळीस इतका जरी संशय आला, तरी दाणा बाहेर. मी तो सत्तर केला. माझ्या नावाने, माझा पासवर्ड टाकून. झोत एकदम थंडावला, डबे भरायचे थांबले, आणि संध्याकाळी सगळे खूश होते. मीसुद्धा घरी जाऊन फराळाची भाजणी भाजली. तुम्ही हात नाकाला लावून माझ्यासमोर उभ्या होतात, ते मला त्या दिवशीही आठवत होतं आणि मागचं पत्र लिहितानाही आठवत होतं.

पहिला निकाल ६ नोव्हेंबरला आला. मर्यादेच्या तिप्पट. 'जरा जास्त' नव्हे. त्या दिवशीच माल परत मागवायला हवा होता. त्याऐवजी अहवाल टाइप झाला की निवड करणाऱ्या महिलांनी चुकीच्या खुणा केल्यामुळे मशीन चुकीचं शिकलं. त्या अहवालाला एका सहीचा आधार हवा होता. मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं ते त्यासाठी. चटणीचं लिहिलं ते खरं होतं, पण लिहिलं ते त्यासाठी.

शनिवारी मी अतुलसाहेबांना सांगितलं की मी आकड्याचं लेखी देणार आहे. ते म्हणाले, "मशीनवर ढकला, बायकांवर ढकला. स्वतःवर कशाला घेता?" मग म्हणाले, "मी ढिलं करा म्हणालो, याचा कागद आहे तुमच्याकडे?" नाही. अमेय म्हणाले, सही करण्याआधी दोन दिवस थांब, वकिलाला विचारू. पण दोन दिवसांत सोमवार उलटून जाईल. पोषण आहाराच्या कार्यालयात फोन केला, तर लेखी द्या म्हणाले. लेखी पाठवलं, अजून उत्तर नाही. म्हणून हा कागद आधी तुमच्याकडे.

नातीला दवाखान्यात नेऊन आणा. कृपा करून आजच न्या.

चारुता


टेकडवाडी
५ डिसेंबर

मॅडम,

वच्छला दोन वाजता आली. सुकेशनीताईनं कागद दोनदा वाचला, निकालावर बोट फिरवलं, मंग तिच्या वरच्या बाईंना फोन लावला आन दोन्ही बॉक्सवर चिठ्ठी चिकटवली. म्हनली, "दगडाबाई, म्या तुमाला लई बोलले." म्या म्हनलं, ते मागून. आधी बाजूच्या गावात कोन-कोन वाटतंय ते सांग.

तुमच्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या. वच्छला, म्या आन सुकेशनीताई जीपनं निघालो. दोन दिवसांत पाच गावं केली. तीन गावांत बॉक्स फोडलेले व्हते, अर्धे उरले व्हते. एका गावात ताई आयकायलाच तयार नव्हती, तुमची सही बघितली तवा ऐकली. पाचव्या गावात उशीर झाला. तिथल्या ताईनं रिकामे बॉक्स दाखवले. चाळीस पोरं. ती खाली बसली आन म्हनली, आवडीनं खाल्ली वो, कडू लागती म्हनून कुनी बोललं बी नाय.

नातीला त्याच दिवशी कन्नडला नेलं. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, रगत काढलं. म्हनले, एक-दोन वड्यांनी काही होत नाय, रोज पोटात गेलं तर वाईट. रिपोर्ट चांगला आला. तरी सकाळी उठले की आधी तिच्या डोळ्यांचं पांढरं बघते, पिवळं दिसतं का म्हनून. ती म्हनती, आजी, काय बघती?

मालकांना निरोप धाडला, ते मेंढरं भाच्याच्या हवाली करून आले. तुमचं पत्र म्या त्यांना वाचून दाखवलं. मंग म्हनले, "त्या बाईनं खरं लिवलं, पर उशिरा लिवलं."

म्या बी तेच म्हनते. पंचवीस दिवस, मॅडम. सहा तारखेला लिवलं असतं तर त्या चाळीस पोरांच्या पोटात गेलं नसतं. तुमी माफी मागितली नाय, ते बरं केलं. मागितली असती तर म्या काय लिवलं असतं, मला ठावं नाय.

अहवालातून आमची नावं काढली का, तेवढं कळवा. वच्छलाला झोप लागत नाय.

दगडाबाई


पुंडलिकनगर
२ जानेवारी २०२६

दगडाबाई,

नावं काढली. नवा अहवाल मी स्वतः वाचला. मशीनमधली नोंद तपासली तेव्हा १५ ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, चाळीसचे सत्तर, आणि पुढे माझं नाव निघालं. तुमच्या खुणा बाहेरच्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासल्या. ते म्हणाले, इतक्या नीट केलेल्या खुणा क्वचित बघायला मिळतात. वच्छलाबाईंना हे नक्की सांगा.

तीनशे बारा बॉक्सपैकी दोनशे सत्तेचाळीस परत आले. उरलेले पासष्ट खाल्ले गेले. आरोग्य खात्याने मुलांची रक्ततपासणी केली, सध्या सगळं ठीक आहे, सहा महिन्यांनी पुन्हा करणार आहेत. 'सध्या' या शब्दापाशी मी रोज अडकते. परवा छावणीच्या बाजारात एक बाई लेकराला चिक्की भरवत होती. मी थांबून पाकीट कोणाचं आहे ते वाचायला लागले. ती घाबरून लेकरू घेऊन निघून गेली.

मला निलंबित केलं आहे. चौकशी चालू आहे. अतुलसाहेबांची दुसऱ्या शाखेत बदली झाली. त्यांचं तोंडी होतं, माझं लेखी. चौकशीत मी जे घडलं तेच सांगितलं, त्यांच्याबद्दल आणि माझ्याबद्दलही. विश्वास कुणी कितपत ठेवला, माहीत नाही.

मशीन काढणार नाहीत. काढूही नये, असं मला वाटतं. पण त्याच्या पुढे पुन्हा हाताने निवडायचा एक पट्टा टाकणार आहेत आणि तुमच्यापैकी चौघींना बोलावणार आहेत. तुम्हाला पत्र येईल. जा म्हणण्याचा मला हक्क नाही आणि जाऊ नका असंही सांगवत नाही. माझ्या जागी सावनी मॅडम आल्या आहेत. नवीन आहेत, प्रामाणिक वाटतात. मीही प्रामाणिकच वाटत असे.

नातीला जपा.

चारुता


चिकलठाणा
२४ जानेवारी

चारुता मॅडम,

आमी चौघी कामावर आलो, त्याला दोन आठवडे झाले. म्या वच्छलाकडं राहते. नात गावात सुनेपाशी हाय, मालक सांजच्याला फोनवर तिचा आवाज ऐकवतात.

येताना म्या एकच अट घातली. पोत्यात हात घातल्याबिगर माल पट्ट्यावर घ्यायचा नाय. सावनी मॅडम हो म्हनल्या. मागच्या गुरुवारी दोन पोती आत गरम लागली. म्या सांगलं, ही बाजूला. ड्रायव्हर भांडला, सुपरवायझर आला, सावनी मॅडमचा चेहरा उतरला. दोन तास पट्टा बंद. शेवटी पोती परत गेली.

आता ज्याच्यासाठी लिवते ते सांगते. तुमी त्या आकड्याचं लिवल्यापासून म्या रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात बघते. दोन आठवडे तिथं चाळीस व्हतं. आज सकाळी पंचावन्न हाय. सावनी मॅडमला इचारलं, त्या म्हनल्या, "वरून आलंय, दगडाबाई. एवढ्यानं काही होत नाही." म्या इचारलं, लिवून द्याल का? त्या म्हनल्या, "मला थोडा वेळ द्या."

पंचावन्नानं काय होतं, मला ठावं नाय. चुकीचं असंल, नसंल बी. तुमाला ठावं हाय. चाळीसच पायजे का, आन काऊन पायजे, ते कागदावर लिवा, खाली सही करा. तुमची सही आता कंपनीत चालत नसंल, तरी करा. सावनी मॅडमच्या हातात काहीतरी द्यावं लागंल, म्हंजी त्यांना वर दाखवता येईल.

हे पत्र घेऊन वच्छलाच तुमच्याकडं येतीय. तिला चहाला बसवू नका, लगेच माघारी धाडा. साडेनऊ वाजलेत. पट्टा दहाला चालू व्हतो. तिचं येणं व्हईपोतर आमी तिघी पट्ट्यापुढं उभ्या हाओत.

दगडाबाई